वीज गेल्यावर केलेली मोजणी

सुनंदाताई,

वजा आकडे मला तुम्ही शिकवले. कंप्युटरवर इंग्रजी अक्षरं शोधून एका बोटानं टाईप करायला तुम्ही शिकवलं. आज आसामात ज्या नोकरीवर माझं घर चालतं, ती तुमच्या एका चिठ्ठीनं लागली. आणि परतूरला भर दुकानात माझी नोकरी जायची वेळ आली होती, तेव्हा मधे तुम्ही उभ्या राहिलात. हे आधीच लिहून ठेवतो. पुढं जे सांगायचंय त्यात माझी चूक येणार आहे, आणि चूक सांगता सांगता माणूस स्वतःभोवतीच फिरत बसतो. तसं झालं तर निदान वरच्या चार ओळी तरी तुमच्या असाव्यात.

अशोकभाऊंचा फोन आला तेव्हा मी एका टेकडीवर टॉवरच्या बुडाशी डबा खात होतो. तुमचे भाऊ कमी बोलणारे. "किसन, आपली ताई गेली," एवढंच म्हणाले. मी हो म्हणालो. मंग फोन दोघांनीही ठेवला न्हाई. लाईन इतकी साफ होती की तुमच्या घरातली माणसं बोललेली ऐकू येत होती, कुणीतरी भांडी हलवत होतं तेही. मनात आलं, एवढी साफ लाईन ऐकून ताई खूश झाल्या असत्या. असं मनात आलं याची लाज वाटली. डबा झाकला आणि वर चढलो, कारण अँटेना अर्धवट बांधलेला होता आणि वारं सुटलं होतं. काम तसंच टाकून रडत बसलेलं तुम्हाला चाललं नसतं.

इथून जालन्याला पोहोचायला तीन दिवस लागतात. मी पोहोचलो असतो तोवर सगळं उरकलं असतं, म्हणून निघालोच न्हाई. पंधरा दिवसांनी भाऊंचा परत फोन आला. तुमच्यावर एक पुस्तिका काढून राह्यले म्हणे, ओळखीच्या सगळ्यांकडून लिहून घेताहेत. तुमचं शिक्षण, पुण्याची नोकरी, वडिलांसाठी ती सोडून परत येणं, हे सगळं शिकलेल्या लोकांनी लिहून दिलंय. मला म्हणाले, "तू ते लिहू नको. तू तिच्यासंगं गच्च्या पालथ्या घातल्यास, ते लिही." म्हणून हा कागद. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, शुद्धलेखनाचं भाऊ बघून घेतील.

तुमची पहिली भेट नवीन जालन्यात, तुमच्या वडिलांच्या बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत. मी तेव्हा टीव्हीची केबल टाकणाऱ्या कंपनीत होतो, खांबावर चढायचं काम. मालकांनी ठरवलं की आता बिनतारी इंटरनेट द्यायचं, बँकांना, आडत्यांना, बियाण्याच्या ऑफिसांना. ते जाळं कसं टाकायचं हे तुम्ही ठरवणार होतात, आणि तुमच्यासाठी गच्च्यांवर चढणार मी. मला वाटलं, मॅडम म्हणजे खुर्चीवर बसून हुकूम सोडतील. तुम्ही जिन्याच्या पायरीवर शेंगा फोडत बसल्या होतात. गाव विचारलंत. टेंभुर्णी म्हणालो. घरी काय, विचारलंत. म्हटलं, मेंढरं होती, आता थोडीच हायत, अन् थोडं रान.

"मेंढरं? मग तुला हे लवकर कळेल. हे गायरानाचंच काम आहे," तुम्ही म्हणालात आणि मूठभर शेंगा माझ्यापुढं केल्या.

मंग तुम्ही समजावून सांगितलं. मोबाईलवाले, पोलिस, रेडिओ, या सगळ्यांना हवेतला आपापला पट्टा सरकारनं आखून दिलेला असतो, जसं ज्याचं त्याचं रान. पण एक पट्टा सरकारनं मोकळा सोडलाय. तिथं कुणीही यंत्र लावावं, परवाना नको. फक्त शेजारच्याच्या यंत्राचा त्रास झाला तर कुणाकडे तक्रार न्यायची सोय न्हाई. आमची कंपनी त्याच मोकळ्या पट्ट्यात उतरणार होती. "दहा जणांची मेंढरं एकाच गायरानात सोडली, तर कोणाची कुठं एकमेकांत घुसतील हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय," असं तुम्ही म्हणालात आणि पडदा माझ्याकडे फिरवलात.

प्रोग्रॅमचं नाव तुम्ही ठेवलं होतं 'शेजार'. पडद्यावर गावाचा नकाशा. प्रत्येक गच्चीची उंची भरायची, अँटेनाचं तोंड कुठं ते भरायचं, यंत्राची ताकद भरायची, आणि त्या गच्चीवर दुसऱ्यांच्या यंत्रांच्या लहरींचा आधीच किती गोंगाट आहे तो आकडा भरायचा. मंग गच्चीपासून गच्चीपर्यंत रेघा उमटायच्या. हिरवी म्हणजे खुशाल बोला. लाल म्हणजे शेजारी बोलू देणार न्हाई. कंप्युटरचा खेळ मी तोवर पाहिला होता, पण आपल्या ओळखीच्या गल्लीतल्या न दिसणाऱ्या भांडणाचं चित्र पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही एका अँटेनाचं तोंड जरासं फिरवलंत आणि तीन लाल रेघा हिरव्या झाल्या. मी म्हटलं, "ताई, हे तर पंचाईत बसवल्यासारखं झालं." तुम्ही किती हसलात.

गोंगाटाचे आकडे वजा असायचे. वजा नव्वद चांगला, वजा सत्तर वाईट. मला ते उमगेना. जास्त आकडा चांगला कसा, अन् वजा म्हणजे तरी काय, शाळेत तिथवर मी पोहोचलोच नव्हतो. तुम्ही माझ्या अज्ञानाला हसला न्हाईत. म्हणालात, विहिरीत पाणी किती हात खाली आहे असं आपण सांगतो ना, तसं हे. गोंगाट जितका खोल, तितकं आपलं बोलणं वर. दुसऱ्या दिवशीपासून मी जाळीचा छोटा अँटेना आणि लॅपटॉप पाठीला बांधून गच्चीवर जायचो, आठ दिशांना अँटेना फिरवायचो, तक्त्यात आठ आकडे लिहायचो. संध्याकाळी तुम्ही ते 'शेजार'मध्ये भरायच्या. एकदा एका आकड्यावर बोट ठेवून म्हणालात, "माझ्या प्रोग्रॅमला डोळे नाहीत, किसन. त्याचे डोळे तू."

तुम्ही हे वाक्य सहज बोललात. मला ते आजपर्यंत सहज घेता आलेलं न्हाई.

कारण मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. खांबावर चढणारा माणूस विजेला भितो, हे कुणाला सांगणार? माझा चुलता विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला. मी तेव्हा बांधावर होतो, दहा वर्षांचा. उंचीची मला कधी भीती वाटली न्हाई, पण चालू तार जवळ असली की हाताला घाम सुटतो, कमरेला बांधायच्या हार्नेसचा हूक लागत न्हाई. आणि आपल्याकडच्या गावांत गच्चीला खेटूनच तारा जातात. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं, रोज काही तास वीज गायब. मी गपचूप एक पद्धत पाडली. कुठल्या भागात वीज कधी जाते ते विचारून ठेवायचं आणि नेमकं तेव्हाच वर चढायचं. लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, दुकानदारही पंखा बंद म्हणून दारात बसलेले असायचे, वर जाऊ द्यायचे. मला हे दोन्ही अंगांनी सोयीचं वाटलं. गोंगाट करणारी शेजाऱ्यांची यंत्रंही त्याच विजेवर चालतात, वीज गेली की तीही मुकी होतात, हे माझ्या डोक्यात आलं न्हाई. भीतीनं डोकं भरलं की दुसरं काही मावत न्हाई.

जालना शहरात हे खपून गेलं. बँका, मोठी ऑफिसं, सगळ्यांकडे इन्व्हर्टर, त्यांची यंत्रं चालूच राहायची. परतूरला खपलं न्हाई.

त्याआधी तुमचं-आमचं भांडण सांगतो, ते अर्धंच राहिलं. तुम्हाला तो मोकळा पट्टा म्हणजे फार मोठी गोष्ट वाटायची. हवेचा सातबारा कुणाच्याच नावावर न्हाई, याचा तुम्हाला आनंद. मी म्हणायचो, जो आधी आला त्याचा हक्क धरला पाहिजे, न्हाईतर मोठा येऊन लहानाला दाबतो. तुम्ही म्हणायच्या, मग उशिरा येणाऱ्या गरिबानं काय करायचं? एकदा तुम्ही टेंभुर्णीला आमच्या घरी आल्तात, तेव्हा हे भांडण माझ्या वडिलांपुढं, आबांपुढं नेलंत. आबांनी सगळं ऐकलं, तंबाखू चोळत म्हणाले, "ताई, गायरान समद्यांचं असतं, तवर बराबर असतं. मंग एक जण तारेचं कुंपण घालतो." तुम्ही विचारलंत, कुंपण घालायच्या आधी सगळे एकत्र बसले असते तर? आबा म्हणाले, "बसवनार कोन?" बसमध्ये चढताना मला म्हणालात, तुझ्या वडिलांनी बरोबर जागी बोट ठेवलं, पण मी हार मानलेली नाही. मीही मानलेली न्हाई, ताई. इथं माझ्या डोळ्यांदेखत एका मोठ्या कंपनीनं डोंगरावर सगळ्यात ताकदीचं यंत्र लावून शाळेची लाईन मारली. हे तुम्हाला फोनवर सांगून म्हणायचं होतं की बघा. तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे, तरी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

परतूरचं काम म्हणजे तुमची परीक्षा होती, आणि ते मला माहीत होतं. मोंढ्यातल्या आडत्यांना कापसाचे आणि धान्याचे बाहेरचे भाव चालू सौद्यात पडद्यावर हवे होते. त्यांच्यातले मोठे आडते बाबूशेठ, त्यांच्या गोदामावर टॉवर, भोवती वीसेक दुकानं. पुण्याची एक कंपनी तुमचा 'शेजार' घ्यायचा विचार करत होती. त्यांची अट एवढीच की परतूरला प्रोग्रॅम सांगतो तसं जाळं चालून दिसलं पाहिजे. चाललं तर पहिल्या पानावर तुमचं नाव ठेवून ते तो देशभर वापरणार होते. तुम्ही हे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

सर्व्हे मी केला. पॅसेंजरनं सकाळी जायचो, वीज गेली की चढायचो, यायच्या आत उतरायचो. आकडे असे आले की मीच खूश. परतूरच्या हवेत पाखरूसुद्धा नसावं इतकी शांतता. तुम्ही एकदा विचारलंत, एवढं शांत कसं रे? मी म्हटलं, लहान गाव हाय ताई. 'शेजार'नं त्या आकड्यांवरून आमच्यासाठी मोकळ्या पट्ट्यातली एक वाट निवडली. गावात मुनीरभाई नावाचे दुसरे केबलवाले होते. त्यांनी आमच्याआधीच अशीच यंत्रं लावली होती आणि तीही नेमकी त्याच वाटेवर. त्यांच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. मी चढायचो तेव्हा त्यांची सगळी यंत्रं झोपलेली असायची.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पुण्याचे दोन साहेब आले. मोंढ्यातले सगळे बाबूशेठच्या दुकानात जमले. सणाचा दिवस म्हणून लोडशेडिंग नव्हतं. पडदा लागला, पहिला भाव आला आणि तिथंच थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सौदा खोळंबला. कुणीतरी मागून म्हणालं, भाव गोठला का काय. पुण्याच्या साहेबांनी वेग तपासला, तुमच्या कागदाशी ताडून पाहिला आणि एकमेकांकडे पाहिलं. आमचे मालक घामाघूम. ते माझ्याकडे वळून म्हणाले की सर्व्हे यानं केलाय, वर चढला होता का खाली चहा पीत आकडे लिहिले, विचारा त्याला. सगळं दुकान माझ्याकडे पाहत होतं. घरी माझ्या बायकोला, कांताला सातवा महिना होता.

तुम्ही खुर्चीवरून उठलात. आवाज बिलकुल चढवला न्हाई.

"तो वर चढला होता. त्याचे आकडे मी तपासलेत. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये आहे, मी शोधते."

बाबूशेठ म्हणाले, "शोधा ताई, पण जल्दी शोधा. कापूस थांबत न्हाई." पुण्याच्या साहेबांनी आठ दिवसांत कळवा म्हणून सांगितलं आणि गेले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आपण समोरासमोर बसलो होतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मंग एकदम, साधंच विचारल्यासारखं विचारलंत:

"किसन, तू वर होतास तेव्हा खाली दुकानात पंखा फिरत होता का?"

"हो ताई," मी म्हणालो. "फिरत होता."

तुम्ही मान हलवलीत आणि वही काढून हिशेब तपासायला लागलात. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, म्हणून मंग संशय घ्यायला तुमच्याकडे एकच जागा उरली, तुम्ही स्वतः. आठ दिवस तुम्ही 'शेजार'ची एकेक ओळ उलगडून पाहिलीत. जी चूक तिथं नव्हतीच, ती शोधत राहिलात. मालकांनी मला परत परतूरला धाडलं होतं, बाबूशेठच्या दुकानातच थांबायला. दुसऱ्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं. वीज गेली की दुकानांत आमच्या यंत्रापुरत्या बसवलेल्या इन्व्हर्टरवर आमचं नेट सुसाट चालायचं, आणि वीज आली की मरायचं. मोंढ्यात त्याची थट्टा सुरू झाली. हमालसुद्धा ओरडायचे, "वीज घालवा रे, भाव बघायचाय." बाबूशेठ म्हणायचे, "बाईचं मशीन चोरावानी हाय. अंधारात बराबर चालतं." मी त्या हसण्यात हसलो. दुकानात फोन होता. तुमचा नंबर मला पाठ होता. आठ दिवस तो फोन माझ्यापासून दोन हातांवर होता.

नवव्या दिवशी तुम्ही न सांगता परतूरला आलात. बाबूशेठच्या दुकानात एका स्टुलावर पडद्यासमोर बसलात, डबाही तिथंच खाल्लात. वीज गेली, भाव धावले. वीज आली, डोक्यावरचा पंखा फिरायला लागला आणि भाव थांबला. तुम्ही वर पंख्याकडे पाहिलंत. मंग माझ्याकडे पाहिलंत. एका क्षणापुरतंच. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही उठलात आणि म्हणालात, चल, मुनीरभाईंकडे जाऊ.

मालकांना कळलं असतं तर त्यांनी थयथयाट केला असता, कारण मुनीरभाई म्हणजे आमचे शत्रू. तुम्ही त्यांच्या टेबलावर नकाशा पसरलात, त्यांची यंत्रं, आमची यंत्रं, मधल्या सगळ्या लाल रेघा. त्यांच्याही गिऱ्हाइकांना आठ-दहा दिवसांपासून त्रास होता, आणि त्यांना वाटत होतं की आम्ही मुद्दाम करून राह्यलो. ते नकाशाकडे बघत राहिले. म्हणाले, "बाई, तुमीच सांगा मी कोन्त्या वाटेवर जाऊ." अर्ध्या तासात दोघांच्या वाटा ठरल्या, दोन अँटेनांची तोंडं फिरवायची ठरली. त्यातला एक अँटेना मी फिरवला, वीज चालू असताना. हूक तिसऱ्या खेपेला लागला. तुम्ही खाली उभ्या होतात, मी उतरेपर्यंत तिथून हलला न्हाईत.

संध्याकाळपर्यंत परतूर चाललं. पण गावात गोष्ट अशी पसरली की बाईचा प्रोग्रॅम फेल गेल्ता, मुनीरनं जुगाड करून चालू केलं. पुण्याच्या कंपनीचं नाही म्हणणारं पत्र त्याच आठवड्यात आलं. तुम्ही ते दुकानाच्या फायलीत लावून टाकलंत.

थोड्या दिवसांनी 'शेजार' उघडला तर त्यात एक नवा रकाना दिसला, गोंगाटाच्या आकड्याच्या शेजारी. मोजताना वीज होती की नव्हती. मी भीत भीत विचारलं, "ताई, पुण्याला परत कळवलं का?"

"काय कळवू?" तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बघत थांबलात.

ती जागा होती, ताई. तुम्ही दार उघडून धरलं होतं. मी म्हटलं, गच्चीवरची वायर ढिली वाटते, बघून येतो, आणि जिना चढून गेलो. वर काही ढिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं खाली आलो तर तुम्ही कंप्युटर बंद करून घरी गेल्या होतात.

पुण्याला खरं कळवायचं म्हणजे माझं नाव कळवावं लागलं असतं, आणि ते आमच्या मालकांपर्यंत पोहोचलं असतं. म्हणून तुम्ही गप्प राहिलात, असं मी समजतो. तुम्हाला कधी विचारलं न्हाई.

दोन वर्षांनी आमची कंपनी बंद पडली, तेव्हा तुम्ही आसामातल्या तुमच्या जुन्या सहकाऱ्याला चिठ्ठी लिहिलीत. पाकीट उघडंच दिलंत. गाडीत मी ते वाचलं. मोजून तीन ओळी. त्यातली मधली ओळ अशी: हा माणूस जे पाहतो तेच लिहितो. मी ती चिठ्ठी घडी घालून परत पाकिटात ठेवली, मंग परत काढून वाचली. माझ्याबद्दल एवढी खोटी गोष्ट कुणी लिहिली नव्हती. इथं पहिल्याच आठवड्यात साहेबांनी गच्चीवर पाठवलं तेव्हा ठरवलं की ती ओळ खोटी ठेवायची न्हाई. इथंही वीज जाते. मी एकदा वीज असताना मोजतो, एकदा नसताना, आणि दोन्ही आकडे लिहितो. इथल्या पोरांना वाटतं म्हातारा चक्रम आहे. मी अजून चाळिशीचाही न्हाई.

आपलं शेवटचं बोलणं झालं ते उन्हाळ्यात. मी ठरवून फोन केला होता. कागदावर लिहून ठेवलं होतं, आधी काय, मंग काय. तुमचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "ताई, परतूरचं एक सांगायचं राहिलंय." तुम्ही मला पुढं जाऊ दिलं न्हाई.

"तिकडं वीज किती तास जाते रे?"

"पाच-सहा तास."

"दोन्ही वेळेला मोजतोस ना?"

"मोजतो."

"मग झालं," तुम्ही म्हणालात. आणि कांताची, पोरीची चौकशी सुरू केलीत.

तुमच्यापुरतं झालं असेल. माझ्यापुरतं झालं न्हाई, ताई. तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी ते मी माझ्या तोंडानं सांगायला हवं होतं. ही पुस्तिका जालन्यात वाचली जाईल, परतूरच्या मोंढ्यातही जाईल. म्हणून इथं लिहितो, सगळ्यांनी वाचावं असं. परतूरला 'शेजार' चुकला नव्हता. मी विजेला घाबरून वीज गेल्यावर मोजणी केली, आणि विचारल्यावर खोटं बोललो. प्रोग्रॅमला जे सांगितलं त्याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं. बाबूशेठ, मुनीरभाई, आमचे जुने मालक, तुम्ही सुनंदाताईंच्या कामाला जी नावं ठेवलीत ती माझ्या कामाची होती.

भाऊ म्हणाले, तुमचा कंप्युटर त्यांनी झाकून ठेवलाय, 'शेजार'ची सीडी कपाटात आहे. माझ्याकडेही एक आहे, तुम्हीच निघताना दिलेली. इथं आमची कंपनी परदेशातला विकतचा प्रोग्रॅम वापरते. मी प्रत्येक जागेचे आकडे आधी त्यात भरतो, मंग घरी आल्यावर तुमच्या 'शेजार'मध्ये भरतो, आणि जाळं प्रत्यक्ष उभं राहिल्यावर कुणाचं खरं निघालं ते एका वहीत लिहितो. कुणी सांगितलेलं न्हाई, माझ्यापुरतं. बहुतेक जागी दोघांचं जमतं. काही जागी तुमचंच खरं निघालंय, विशेषतः जिथं वीज येते-जाते तिथं, कारण तो रकाना त्या विकतच्या प्रोग्रॅममध्ये न्हाईच.

त्या पुण्याच्या कंपनीचा पत्ता भाऊंनी फायलीतून काढून मला कळवलाय. तिथं आता कोण बसतं, कोण मला आत घेईल, माहीत न्हाई. अशा ऑफिसात बोलायचं म्हटलं तर मला आजच घाम फुटतो, आणि इंग्रजी तर येतच न्हाई. वही अजून भरायची आहे, रजा मिळायची आहे, पोरीची शाळा बघून जायचं आहे. वर्ष लागेल, दोन लागतील. पण ती वही घेऊन मी त्यांच्यापुढं बसेन, परतूरला काय झालं ते आधी सांगेन, मंग पानं उघडेन. त्यांनी न्हाई म्हटलं तर दुसरीकडे जाईन. तुमच्या प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर तुमचं नाव लागलेलं मी पाहीन, सुनंदाताई. तुमचे उपकार माझ्याकडून एवढ्याच वाटेनं फिटू शकतात, आणि ते मी फेडीन.

तुमचा,
किसन